सुझौचे सिंहवन आणि आपल्या विहारामागची जागा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या वस्तीतले आम्ही सात जण चीनला जाऊन आलो. समितीने सांगितले, तिथले काहीतरी सांगा. बोलणारा एक असला तरी हे सातही जणांचे बोलणे आहे. काय सांगायचे, हे आम्ही एकत्र बसून ठरवले आहे.

चीनमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मोठमोठ्या बुद्धमूर्ती आहेत, लेण्या आहेत, ती प्रसिद्ध भिंत आहे. पण त्यातले काही न सांगता आज आम्ही एका लहानशा बागेविषयी सांगणार आहोत. कुणी म्हणेल, विहाराचा वर्धापनदिन आणि हे बागेचे काय घेऊन बसले? त्याचे उत्तर शेवटी देऊ. तोवर जरा सबुरीने ऐका.

शांघायपासून साधारण शंभर किलोमीटरवर सुझौ नावाचे शहर आहे. फार जुने शहर. इसवी सनापूर्वी ५१४ मध्ये ते वसवल्याचे सांगतात, म्हणजे जवळजवळ भगवान बुद्धांच्या काळातले. शहरातून कालवे वाहतात, कालव्यांवर दगडी कमानींचे पूल आहेत, आणि घरांच्या मागल्या दारी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. हे शहर दोन गोष्टींसाठी नावाजलेले आहे, एक रेशीम आणि दुसरे जुन्या बागा. तिथल्या नऊ बागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. चार १९९७ मध्ये घेतल्या आणि पाच २००० मध्ये. आम्ही पाहिली ती त्या पाचांपैकी एक. चिनी भाषेत तिचे नाव शीझीलिन. शीझी म्हणजे सिंह आणि लिन म्हणजे वन. आपण तिला सिंहवन म्हणू.

किती मोठी आहे ही बाग? सुमारे १.१ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरही पुरती नाही. जवळच तिथली सर्वांत प्रसिद्ध बाग आहे, ती पाच हेक्टरांच्या वर. आपल्याकडे एखाद्या मध्यम शेतकऱ्याचा तुकडा असतो तेवढ्यात या सिंहवनात डोंगर आहे, तळे आहे, पूल आहेत, दोन मजली दालने आहेत, अंगणे आहेत आणि शेकडो वर्षांची झाडे आहेत. शिवाय ती रानात नाही, भर शहरात आहे. बाहेरून पाहिले तर एक पांढरी भिंत आणि वर काळी कौले, बस्स. आम्ही भिंतीच्या कडेने चालत होतो तेव्हा आत बाग आहे याची कल्पनाही आली नाही.

आता ही बाग झाली कशी, ते ऐका. कारण इथेच तिचा आणि आपला संबंध येतो.

१३४२ सालची गोष्ट. त्या वेळी चीनवर मंगोलांचे राज्य होते. सुझौमध्ये तिआनरू वेइझे नावाचे एक भिक्खू आले. ते ध्यान परंपरेचे आचार्य होते. आपल्या पाली भाषेतला ‘झान’, संस्कृतमधला ‘ध्यान’, हाच शब्द चीनमध्ये ‘छान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला. त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन जमीन विकत घेतली आणि आपल्या गुरूंसाठी तिथे मठ बांधला. ती कुणा राजाने दिलेली देणगी नव्हती. शिष्यांनी मिळून उभी केलेली जागा होती ती. आपला हा विहार जसा वर्गणीतून उभा राहिला, तसेच म्हणा ना!

आणि नाव सिंहवन का? तर वेइझे यांचे स्वतःचे गुरू होते झोंगफेंग मिंगबेन. ते १३२३ मध्ये वारले. तिआनमू नावाच्या डोंगरावर सिंहकडा म्हणून एक जागा आहे, तिथे त्यांचे वास्तव्य होते. त्या गुरूंची आठवण राहावी म्हणून शिष्याने आपल्या मठाला सिंहाचे नाव दिले. दुसरे कारण तर आपल्याला सांगायलाच नको. भगवान बुद्धांच्या उपदेशाला आपण सिंहनाद म्हणतो, त्यांना शाक्यसिंह म्हणतो. सारनाथच्या स्तंभावर सम्राट अशोकाने चार सिंह बसवले, तेच आज आपल्या नोटांवर, नाण्यांवर आहेत. गंमत अशी, की चीनच्या रानात सिंह नसतोच. तिथल्या लोकांना सिंह कळला तो पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांकडून आणि बौद्ध भिक्खूंकडून. म्हणजे जो प्राणी बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याचे नाव त्यांनी बागेला दिले. केवळ धम्माच्या ओळखीने!

आता आत जाऊ. दार ओलांडून गेलो तरी बाग लगेच दिसत नाही. आधी एक दालन, मग अंगण, मग वळण. आमच्यातले एक जण म्हणाले सुद्धा, “अहो, बाग कुठं आहे?” त्या लोकांची पद्धतच ती आहे. सगळे एकदम दाखवायचे नाही. भिंतीला गोल दार ठेवायचे, त्यातून एक झाड दिसेल. भिंतीला जाळीची खिडकी ठेवायची, तिच्यातून पलीकडचा बांबू अर्धा दिसेल. मग माणूस आपणहून पुढे जातो. भिंतीच्या कडेने वर छप्पर असलेली लांब पायवाट आहे, आपल्या जुन्या घराच्या पडवीसारखी. पाऊस असो, ऊन असो, फिरता येते. ती वाट मुद्दाम वाकडी नेली आहे, कुठे चढवली आहे, कुठे उतरवली आहे. सरळ गेली असती तर दोन मिनिटांत संपली असती. आम्हांला तिच्यावरून फिरायला पाऊण तास लागला. लहान जागा मोठी करण्याची ही युक्ती आहे. जमीन तेवढीच, चालणे मात्र वाढवायचे.

मग तो दगडांचा डोंगर. या बागेची सगळी प्रसिद्धी त्याच्यामुळे. सुझौजवळ तायहू नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातून निघणारा चुनखडीचा दगड पाण्याने झिजून झिजून भोकाभोकांचा होतो. जसा एखादा लाकडाचा ओंडका वाळवीने पोखरावा, तसा. चिनी लोकांना या दगडाचे फार वेड. तो बारीक अंगाचा हवा, सुरकुतलेला हवा, आरपार भोकांचा हवा, अशी त्यांची परीक्षा. असे शेकडो दगड एकावर एक रचून इथे डोंगर उभारला आहे आणि त्याच्या पोटातून वाटा काढल्या आहेत. नऊ वाटा आणि एकवीस गुहा, असे तिथे सांगतात. कित्येक दगड सिंहासारखे दिसतात. कुणी बसलेला, कुणी झोपलेला, कुणी मान वळवून पाहणारा. लहान मुले ते मोजत होती आणि त्यांचे आकडे काही जुळत नव्हते.

आम्ही सात जण आत शिरलो आणि पाच मिनिटांत आमच्या तीन तुकड्या झाल्या. एका भोकातून पाहिले तर पलीकडे आमच्याच काकी उभ्या. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ. पण त्यांची वाट निराळी आणि आमची निराळी. आम्ही वर चढलो तर त्या खाली गेल्या, आम्ही खाली आलो तर त्या वर. हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी सगळे एकाच ठिकाणी बाहेर निघालो, तेव्हा आमच्या शिक्षिका ताई म्हणाल्या, “वस्तीतल्या भांडणासारखंच आहे हे. माणूस समोर दिसतो, बोलतो, पण त्याच्यापर्यंत जायचं तर आपली वाट मोडून फिरून जावं लागतं.” त्यांचे हे बोलणे आम्ही लक्षात ठेवले आहे. आज त्याची गरज आहे.

आमच्यात एक निवृत्त गवंडी आहेत. तुम्ही सर्व त्यांना मिस्त्री म्हणून ओळखता. ते त्या डोंगरापाशी इतका वेळ थांबले की आम्ही पुढे जाऊन परत आलो. म्हणाले, “याला ओळंबा लावायला एक सरळ रेघ नाही, तरी उभं आहे. दगडाचं वजन कुठं उतरतं ते बघा.” त्यांनी दाखवले, की दोन दगडांचा सांधा नेहमी खोबणीत, सावलीत घेतला आहे, म्हणजे तो डोळ्याला दिसत नाही. जुने चिनी कारागीर चुन्यात चिकट भाताची पेज घालून मसाला करीत, असे आमच्या मार्गदर्शक मुलीने सांगितले. त्यावर मिस्त्री म्हणाले, “आपल्याकडे चुन्यात गूळ घालायचे, बेलफळ घालायचे. भाऊबंदच की हे!” भाषा येत नव्हती, पण कामावरून त्यांनी कामगाराला ओळखले.

डोंगराच्या आसपास जी दालने आहेत, त्यांची नावे आम्ही मुद्दाम लिहून आणली आहेत. मठ आता राहिलेला नाही, भिक्खू राहिलेले नाहीत, पण नावे राहिली आहेत.

एका दोन मजली दालनाचे नाव आहे, ‘सायप्रसकडे बोट दाखवणारे दालन’. त्यामागची गोष्ट अशी. झाओझोऊ नावाच्या आचार्यांना एका भिक्खूने विचारले, की बोधिधर्म पश्चिमेकडून इकडे कशासाठी आले? बोधिधर्म म्हणजे आपल्या दक्षिण भारतातून चीनला गेले असे परंपरा सांगते, ते. प्रश्न मोठा होता. उत्तरात आचार्यांनी फक्त अंगणातल्या सायप्रसच्या झाडाचा निर्देश केला. याचा अर्थ काय, यावर लोक शेकडो वर्षे विचार करीत आले आहेत. आम्हांला साध्या माणसांना एवढेच कळले, की लांबच्या मोठ्या गोष्टी विचारत बसू नकोस, तुझ्या अंगणात काय उभे आहे ते आधी नीट पाहा. त्या दालनासमोर आजही जुनी झाडे उभी आहेत.

दुसरे आहे, ‘आलुबुखाराला विचारणारा मजला’. त्याच्या खिडक्या, फरशी, टेबल, स्टुले, सगळे पाच पाकळ्यांच्या फुलाच्या आकाराचे. त्याची गोष्ट आम्हांला फार आवडली. माझू नावाच्या आचार्यांचा एक शिष्य शिकून डोंगरावर जाऊन राहिला. त्या डोंगराचे नाव होते आलुबुखाराचा डोंगर. आचार्यांनी त्याची परीक्षा घ्यायला माणूस पाठवला आणि निरोप दिला, की मी आता पूर्वीची शिकवण बदलली आहे. शिष्य डगमगला नाही. त्याने सांगून पाठवले, की त्यांना बदलायची तर बदलू दे, मला जे अनुभवाने पटले ते मी सोडणार नाही. आचार्य रागावले नाहीत. ते आनंदाने म्हणाले, की आता आलुबुखार पिकला. गुरूने सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या बुद्धीला पटले म्हणून मानणे, हीच धम्माची शिकवण आहे. बाबासाहेबांनीही आपल्याला हेच सांगितले नाही काय?

तिसरे दालन, ‘हिमात उभे राहण्याचे दालन’. बोधिधर्मांकडे शिकायला आलेला हुइके नावाचा माणूस रात्रभर पडत्या बर्फात दाराशी उभा राहिला, अशी कथा आहे. ही कथा आहे, इतिहास म्हणून तिच्याकडे पाहू नये. पण शिकण्यासाठी दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागले होते. म्हणून त्या दालनापुढे आम्ही सगळे जरा गप्प झालो.

आता या बागेची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

या दगडांपाशी उभे असताना आमच्या एका तरुण सहकाऱ्याने प्रश्न केला, की हे दगड इथवर वाहून कुणी आणले? प्रश्न अगदी आपल्या घरचा आहे. सिंहवन होण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी चीनमध्ये हुइझोंग नावाचा सम्राट होता. चित्रकलेत मोठा, राज्यकारभारात कच्चा. राजधानीत बाग करण्यासाठी त्याला दक्षिणेतले दगड आणि झाडे हवी होती. सुझौचा झू मिआन नावाचा माणूस हे काम पाही. कुणाच्या दारात चांगला दगड दिसला की तो सम्राटाचा झाला. मोठे दगड नेणाऱ्या नावांना वाट मिळावी म्हणून पूल पाडले, भिंती फोडल्या. गरिबांची घरे उद्ध्वस्त झाली. शेवटी ११२० मध्ये फांग ला नावाच्या माणसाच्या पुढारपणाखाली लोकांनी बंड केले. ते निर्दयपणे मोडले गेले. पण पुढे ११२७ मध्ये उत्तरेकडच्या शत्रूने राजधानीच घेतली आणि सम्राटालाही धरून नेले. त्या वेळी वाटेत राहून गेलेले काही दगड सिंहवनात आले, अशी तिथे आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सम्राटाचे नाव इतिहासात आहे, चित्रकारांची नावे आहेत, पण दगड ओढणाऱ्यांचे नाव एकाही पाटीवर नाही. आपल्याकडचे किल्ले, वाडे, घाट ज्यांनी बांधले, त्यांची नावे तरी कुठे आहेत?

पुढे मठाचेही दिवस पालटले. सुरुवातीला इथे चित्रकार आणि कवी भिक्खूंना भेटायला येत. नी झान या थोर चित्रकाराने १३७३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, या बागेचे चित्र काढले, त्यामुळे तिची कीर्ती पसरली. कीर्ती पसरली की धनवानांचे लक्ष जाते. अठराव्या शतकापर्यंत बाग मठापासून वेगळी होऊन एका श्रीमंत घराण्याकडे गेली होती. चियानलोंग बादशहा ती पाहायला अनेकदा आला. त्याला ती इतकी आवडली, की त्याने आपल्या उत्तरेकडच्या राजवाड्यांत तिच्या दोन नकला करवल्या. सगळा देश ज्याच्या मालकीचा, त्याला एका भिक्खूची पावणेतीन एकरांची जागा हवीशी वाटली! पण आतले ध्यान बंद झाले होते. भिंत राहिली, मालक राहिला.

१९१७-१८ च्या सुमारास रंगांच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या बेई रुनशेंग यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली. त्यांच्या भावकीतला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे खेळायला येई. तोच पुढे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी झाला, आय. एम. पेई. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड त्यांचाच. म्हातारपणी त्यांनी सुझौचे संग्रहालय बांधले. ते २००६ मध्ये उघडले, आणि सिंहवनापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेही आम्ही पाहिले. पांढरी भिंत, करडी कड, मधे पाणी. लहानपणी जे डोळ्यांत भरले, ते म्हातारपणी हातातून उतरले. मुलांना चांगली जागा खेळायला मिळाली तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

१९४९ च्या क्रांतीनंतर बाग सरकारकडे आली आणि १९५४ पासून सर्वांसाठी खुली झाली. आज तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो. आम्ही गेलो तेव्हा शाळेची मुले होती, म्हाताऱ्या आजीबाई होत्या, पाठीवर लेकरू घेतलेला बाप होता. तळ्याच्या मध्यावर एक छत्री आहे, तिच्याकडे नागमोडी पुलाने जायचे. त्या पुलावर गर्दी होती आणि पाण्यात लाल मासे. इतकी वर्षे भिंतीआड असलेले ते पाणी सर्वांना पाहायला मिळत होते. आम्हांला तिथे महाडची आठवण झाली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते आपली तहान भागवायला नव्हे, तळे सर्वांचे आहे हे सांगायला. तळे सुंदर असणे पुरेसे नाही. त्याच्या काठावर कोण उभे राहू शकतो, हे आधी पाहावे लागते.

सर्वांनाच ही बाग आवडली असे मात्र समजू नका. शेन फू नावाच्या चिनी लेखकाने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले, की हा दगडांचा डोंगर त्याला कोळशाच्या राखेच्या ढिगासारखा वाटला, वर शेवाळ आणि आत मुंग्यांची बिळे! आमच्यातल्या मावशी, ज्यांनी महापालिकेच्या उद्यानांत पंचवीस वर्षे झाडांना पाणी घातले, त्यांचेही मत काहीसे तसेच पडले. “दगड फार झाले, माती कमी झाली,” त्या म्हणाल्या. पण त्याच मावशी एका गिंकोच्या झाडाखाली बराच वेळ बसून होत्या. खाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. तिथला माळी पाने झाडत होता, तो झाडाच्या बुंध्याजवळची पाने तशीच ठेवून बाकीची गोळा करीत होता. मावशी म्हणाल्या, “याला काम कळतं. मुळांना पांघरूण लागतं.” दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. एवढीच त्यांची भेट.

आता सुरुवातीचा प्रश्न. विहाराच्या वर्धापनदिनी बाग कशाला?

बंधू-भगिनींनो, जरा आठवून पाहा. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला. ज्ञान मिळाले ते पिंपळाखाली. पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात. महापरिनिर्वाण शालवृक्षांच्या जोडीखाली. भिक्खुसंघाला पहिली जागा मिळाली ती राजा बिंबिसाराने दिलेले वेळुवन, म्हणजे बांबूची बाग. ती निवडताना राजाने विचार केला होता, की जागा गावापासून फार लांब नको, फार जवळही नको, लोकांना येता-जाता आले पाहिजे आणि तिथे शांतता पाहिजे. अनाथपिंडिकाने सोन्याची नाणी अंथरून घेतले ते जेतवन. आम्रपालीने दिली ती आमराई. पालीमध्ये ‘आराम’ या शब्दाचा अर्थच बाग. संघाची बाग तो संघाराम. आणि हे चिनी लोक मठाला काय म्हणतात? दाट झाडांचे वन. सिंहवनातला ‘वन’ तोच. म्हणजे विहारात बाग करायची ही हौस किंवा चैन नव्हे. आधी झाडे होती, मग त्यांच्याखाली विहार झाला.

आता आपल्याकडे या. आपल्या विहाराच्या मागे जेमतेम दीड गुंठा मोकळी जागा आहे. तिथे एक कडुनिंब आहे, एक बकुळ आहे. वर्षावासात वंदना झाल्यावर आया-बहिणी तिथेच बसतात. या जागेचे काय करायचे, यावर वर्षभर समितीत आणि वस्तीत वाद चालू आहे. काहींचे म्हणणे, सगळ्या जागेवर स्लॅब टाकून हॉल बांधा, लग्नकार्याला उपयोगी पडेल. काहींचे म्हणणे, रस्त्याच्या अंगाला गाळे काढा, भाडे येईल, विहाराचा खर्च भागेल. तरुण मुलांचे म्हणणे, आम्हांला अभ्यासिका द्या, घरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, अभ्यास करायचा कुठे? यात कुणाचेही म्हणणे खोटे नाही. मुलांचे तर अगदी खरे आहे.

आम्ही सात जणांतही आधी एकमत नव्हते. पण सिंहवन पाहिल्यावर जे पटले ते सांगतो. अभ्यासिका झालीच पाहिजे. पण ती झाड तोडून नव्हे, झाडाला वळसा घालून. सुझौच्या कारागिरांना एक झाड आडवे आले तर त्यांनी भिंत वाकवली आहे. भिंत वाकवायला चार विटा जास्त लागतात, झाड वाढायला पन्नास वर्षे लागतात. मिस्त्रींनी आराखडा काढून आणला आहे. भिंतीच्या कडेने एल अक्षरासारखी एक अरुंद खोली, तिला अंगणाकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या, पुढे पडवी, आणि मधे दोन्ही झाडे जागच्या जागी. बत्तीस मुले बसतील. पावसात आया-बहिणी पडवीत बसतील. गाळे नाही झाले तर भाडे येणार नाही, हे खरे आहे. त्यासाठी आम्ही सात जण दरमहा प्रत्येकी शंभर रुपये जास्त वर्गणी द्यायला तयार आहोत, आणि घरोघरी मागायलाही येणार आहोत. सुझौच्या त्या शिष्यांनी दुसरे काय केले?

एक अट मात्र आमची आहे. त्या अंगणाला कुलूप लावायचे नाही. विहाराच्या सभासदाचा मुलगा असो, नसो, शेजारच्या गल्लीतला असो, कुठल्याही जाती-धर्माचा असो, पुस्तक घेऊन आला तर त्याला बसायला जागा मिळाली पाहिजे. ज्या बागेला कुलूप लागते ती बाग मालकाची होते, आणि तिथले ध्यान हळूहळू बंद पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहून आलो आहोत.

ज्यांचे मत वेगळे आहे, त्यांच्याशी आम्हांला भांडायचे नाही. दगडांच्या त्या डोंगरात आम्ही शिकलो, की समोरचा माणूस जवळच असतो, फक्त वाट फिरून जावे लागते. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर मिस्त्री त्या जागेवर चुन्याने रेघा आखून दाखवणार आहेत. हॉल हवा असणाऱ्यांनी या, गाळे हवे असणाऱ्यांनी या, मुलांनी तर याच. रेघ कुठे चुकते आहे ते तिथे उभे राहून सांगा. रेघ चुन्याची आहे, पुसता येते. स्लॅब मात्र एकदा पडला की पुसता येत नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!